व्याधी असाध्य, तरी वेदना साध्य : उपशामक चिकित्सेतील संशोधनाचे प्रवाह आणि वैद्यांचे कर्तव्य

साध्यासाध्यविवेक हा वैद्याच्या विद्येचा कस मानला गेला आहे. चिकित्सेस हात घालण्यापूर्वी व्याधी सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य की प्रत्याख्येय याचा निर्णय करावा. असाध्य व्याधीवर उपचार करू पाहणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असा इशारा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात दिलेला आहे. हा इशारा यथार्थ आहे. खोटी आशा दाखवून मरणोन्मुख रुग्णाचे द्रव्य हरण करणाऱ्या भोंदूंना त्यानेच आळा बसतो. परंतु व्याधीचे प्रत्याख्यान म्हणजे रुग्णाचेही प्रत्याख्यान काय, हा प्रश्न त्यातून शिल्लक राहतो.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. कर्करोगाचा रुग्ण मोठ्या रुग्णालयातून ‘आता घरी घेऊन जा’ हे वाक्य ऐकून परततो. त्याचे नातेवाईक जाडजूड फाईल घेऊन आपल्यापैकी कोणाच्या तरी चिकित्सालयात येतात आणि विचारतात, ‘आयुर्वेदात काही आहे का?’ या प्रश्नाला दोन उत्तरे सर्रास दिली जातात. ‘आहे, बरा करतो’ हे एक आणि ‘आता काही उपयोग नाही’ हे दुसरे. पहिले असत्य आहे, दुसरे अपुरे आहे. तिसरे उत्तर देता यावे यासाठी वेदनाशमन व उपशामक चिकित्सा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, या क्षेत्रातील संशोधन कोणत्या दिशेने चालले आहे याचा परामर्श आम्ही प्रस्तुत लेखात घेत आहोत. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे, की व्याधी असाध्य ठरला तरी वेदना बहुधा साध्य असते. आणि ती शमविणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

याप्य आणि पॅलियम

‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द ‘पॅलियम’ या लॅटिन शब्दापासून आला असून त्याचा अर्थ अंगावर घेण्याचे वस्त्र वा झूल असा आहे. थंडी नाहीशी करता येत नाही, पण कुडकुडणाऱ्यावर पांघरूण घालता येते, असा त्यातील भाव. सुश्रुतसंहितेत याप्य व्याधी समजावून देताना पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकूने घर नवे होत नाही, पण आत राहणाऱ्याला छप्पर मिळते. मात्र टेकूच्या उपमेत काळ लांबविणे अभिप्रेत आहे, तर पांघरुणाच्या कल्पनेत उरलेला काळ सुसह्य करणे अभिप्रेत आहे. उपशामक चिकित्सा ही दुसऱ्या अर्थाने घ्यावयाची आहे.

चरकाने वैद्याच्या चार वृत्ती सांगितल्या आहेत : सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. यातील ‘प्रकृतिस्थ’ या पदाचा अर्थ मरणोन्मुख रुग्ण असा घेण्याची परंपरा आहे. या उपेक्षेचा अर्थ रुग्णाकडे पाठ फिरविणे असा केल्यास कारुण्याची वृत्ती निरर्थक ठरेल, कारण मरणोन्मुखाहून अधिक आर्त कोण असणार? आमच्या मते येथे उपेक्षा व्याधिनाशाच्या निष्फळ आग्रहाची आहे, रुग्णाची नव्हे. मृत्यू लांबवू नये आणि जवळही आणू नये, हे आधुनिक उपशामक चिकित्सेचे मूलतत्त्व याच अर्थाशी जुळते.

वेदनेची बदललेली व्याख्या

वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारून घेतली. वेदना हा संवेदनात्मक आणि भावनात्मक अनुभव आहे, हे सूत्र कायम ठेवून त्यासोबत काही टिपा जोडण्यात आल्या. वेदना ही नेहमी वैयक्तिक असते; शारीरिक, मानसिक व सामाजिक घटकांचा तिच्यावर परिणाम होतो; आणि रुग्णाला बोलून सांगता येत नाही म्हणून त्याला वेदना नाही असे ठरत नाही, हा त्यांचा आशय होय. शुद्ध हरपत चाललेल्या वृद्धाच्या, बालकाच्या वा बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत ही शेवटची टीप फार मोलाची आहे.

इंग्लंडमधील डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६० च्या दशकात ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली व १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी चार अंगे असलेली वेदना केवळ औषधाने शमत नाही, हे त्यांचे निरीक्षण होते. मन आणि इंद्रियांसह देह हे वेदनेचे अधिष्ठान होय, असे चरकाच्या शारीरस्थानात सांगितलेले असल्यामुळे ही कल्पना आपणास परकी वाटू नये.

यंत्रणेनुसार वेदनेचे वर्गीकरण हा दुसरा प्रवाह. ऊतींच्या इजेमुळे होणारी, मज्जातंतूंच्या विकृतीमुळे होणारी आणि या दोहोंचा स्पष्ट पुरावा नसताना वेदनासंस्थेच्याच बिघाडामुळे होणारी, असे तीन प्रकार आज मानले जातात. यांतील तिसरी संज्ञा २०१७ साली स्वीकारली गेली. वाताशिवाय रुजा नाही, हे सुश्रुताचे सूत्र आपण पाठ केलेले असते. पण त्या सूत्राचा अर्थ सर्व वेदनांवर एकच उपचार असा नाही. चरकाने शूलप्रशमन, अंगमर्दप्रशमन आणि वेदनास्थापन असे तीन स्वतंत्र गण दिले आहेत. पहिल्यात पिप्पली, चव्य, चित्रक, शुंठी अशी उष्ण व दीपन द्रव्ये आहेत, तर तिसऱ्यात शाल, कट्फल, कदंब, मोचरस, शिरीष, अशोक अशी अगदी वेगळी द्रव्ये आहेत. हा भेद कोणत्या वेदनेत कोणता गण या दृष्टीने चिकित्सालयीन कसोटीवर तपासला जावा, असे आम्हास वाटते. संशोधनास विषय शोधणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे.

आरंभ लवकर व्हावा

उपशामक चिकित्सा म्हणजे अखेरच्या आठवड्याची सोय, हा समज संशोधनाने मोडीत काढला आहे. अमेरिकेतील डॉ. जेनिफर टेमेल व सहकाऱ्यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत वळणबिंदू मानला जातो. फुप्फुसाचा कर्करोग अन्यत्र पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानापासूनच नेहमीच्या उपचारासोबत उपशामक चिकित्सा देण्यात आली. त्यांचे जीवनमान सुधारले, नैराश्य कमी आढळले, अखेरच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचारही कमी झाले. आणि तरीही त्यांचे मध्यम आयुर्मान ११.६ महिने भरले, तर दुसऱ्या गटाचे ८.९ महिने. आयुष्य वाढते हा निष्कर्ष पुढील सर्व अभ्यासांत सारखा आढळला नाही. जीवनमान सुधारते हा मात्र अधिक सातत्याने आढळला आहे.

वेदनाशामकांच्या वापरात जागतिक आरोग्य संघटनेची १९८६ सालची त्रिस्तरीय ‘शिडी’ सर्वपरिचित आहे : सौम्य वेदनेस साधी वेदनाशामके, मध्यमीस सौम्य अफूजन्य औषधे, तीव्र वेदनेस मॉर्फीन. तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे आणि रुग्णागणिक मात्रा ठरवून औषध द्यावे, ही तिची सूत्रे आजही टिकून आहेत. परंतु २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत या शिडीचे स्थान काटेकोर नियमाऐवजी शिकविण्याच्या साधनाचे राहिले. प्रत्येक पायरी चढलीच पाहिजे असे नाही. वेदना तीव्र असेल तर तीव्र औषधानेच प्रारंभ करावा.

अहिफेन : पिकते येथे, मिळत नाही येथे

बृहत्त्रयीत अहिफेनाचा उल्लेख नाही. शार्ङ्गधरसंहितेत व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून ते भंगेसह येते आणि पुढे अतिसार, ग्रहणी इत्यादींवरील रसकल्पांत त्याचा वापर रूढ होतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ई (१) या परिशिष्टात वत्सनाभ, धत्तूर, विषमुष्टी यांच्यासह अहिफेनाची गणना विषद्रव्यांत केलेली आहे.

मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे शासकीय परवान्याने अफूची शेती होते. नीमच व गाझीपूर येथे शासनाचे अफू कारखाने आहेत. असे असूनही लॅन्सेट आयोगाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार भारतातील रुग्णांना गरजेच्या अवघी ४ टक्के अफूजन्य वेदनाशामके मिळत होती. त्याच अहवालानुसार २०१५ साली जगातील ६ कोटी १० लाख लोक गंभीर आजारजन्य यातना भोगत होते व त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते.

याचे एक कारण १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा. व्यसनास आळा घालण्यासाठी केलेल्या तरतुदींमुळे रुग्णालयांना अनेक परवाने घ्यावे लागत व बहुतेकांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. २०१४ सालच्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्ग निर्माण झाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच यंत्रणेकडून मान्यता घेण्याची सोय झाली. दुसरे कारण भीती. ‘मॉर्फीन म्हणजे शेवट’ असे नातेवाईक म्हणतात आणि अनेक चिकित्सकही तेच मानतात. प्रत्यक्षात प्रशिक्षित चिकित्सकाने वेदनेच्या प्रमाणात वाढवीत नेलेल्या मॉर्फीनने मृत्यू ओढवत नाही. याउलट, दीर्घकालीन साध्या वेदनांवर अफूजन्य औषधे सैलपणे दिल्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत व्यसन व मृत्यूंचे संकट उभे राहिले, हेही विसरता येणार नाही. योग्य रुग्णास मिळावे आणि अयोग्यास मिळू नये, असा हा दुहेरी विवेक आहे.

आपल्या देशात या कार्याचा आरंभ मुंबईत झाला, याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. वांद्रे येथील शांती आवेदना हे भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ साली सुरू झाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र कार्यरत आहे. केरळने मात्र याला लोकचळवळीचे रूप दिले. १९९३ साली कोळिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या संस्थेतून प्रशिक्षित स्वयंसेवक, परिचारिका व गृहभेटी यांचे जाळे उभे राहिले आणि २००८ साली राज्य शासनाने उपशामक चिकित्सेचे धोरण जाहीर केले. गावोगावी पोचलेल्या आपल्या वैद्यांनी विचार करावा असे हे उदाहरण आहे.

नव्या औषधांचा शोध

मिरचीचा तिखटपणा ज्या ग्राहीवर कार्य करतो त्याचा शोध डॉ. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली लावला व त्याबद्दल २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मिरचीतील कॅप्सेसिनची पट्टी मज्जातंतुजन्य वेदनेत वापरली जाते. कटुरसात्मक लेपांच्या वापराकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. २००६ साली पाकिस्तानातील काही कुटुंबांत जन्मतः वेदनाच न जाणवणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास होऊन वेदनावहनातील एका सोडियम मार्गाचे महत्त्व सिद्ध झाले. त्याच जातीच्या दुसऱ्या मार्गास रोखणारे, अफूजन्य नसलेले सुझेट्रिजिन हे औषध अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तीव्र स्वरूपाच्या अल्पकालीन वेदनेसाठी संमत झाले. कर्करोगजन्य दीर्घ वेदनेसाठी ही संमती नाही, हे लक्षात ठेवावे.

आयुर्वेदीय संशोधन कोठे आहे?

वेदनेच्या क्षेत्रात आपल्याकडील सर्वांत भक्कम काम संधिगत वातावर झाले आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जानुसंधीच्या ४४० रुग्णांना २४ आठवडे शुंठी, गुडूची, आमलकी, शल्लकी यांवर आधारित योग अथवा ग्लुकोसामीन अथवा सेलेकॉक्सिब देण्यात आले. कोणास काय दिले हे रुग्ण व चिकित्सक दोघांपासूनही गुप्त होते. आयुर्वेदीय योग वेदना व कार्यक्षमता यांत इतर औषधांच्या तोडीचे ठरले. परंतु त्या गटातील सात रुग्णांत यकृताचे एक विकर वाढल्याने त्यांना अभ्यासातून वगळावे लागले. औषध थांबविल्यावर ते पूर्ववत झाले. ही बाब संशोधकांनी लपविली नाही, यातच त्या अभ्यासाची प्रतिष्ठा आहे. बर्लिन येथील शारिटे रुग्णालयाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या १५१ रुग्णांच्या अभ्यासात आहार, अभ्यंग, स्वेदन, औषधी अशा समग्र आयुर्वेदीय चिकित्सेने १२ आठवड्यांत प्रचलित उपचारापेक्षा अधिक लाभ दिसला. मात्र तेथे उपचार गुप्त ठेवणे शक्य नव्हते.

असाध्य कर्करोगातील वेदनेवर या तोडीचे काम आपल्याकडे नाही. जे आहे ते आनुषंगिक लक्षणांवर. अमेरिकेत २०१२ साली ५७६ रुग्णांच्या अभ्यासात केमोथेरपीच्या वांतिशामक औषधांसोबत दिलेल्या शुंठीने मळमळ कमी झाली व सर्वांत चांगला परिणाम दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम या अल्प मात्रेत आढळला. किरणोपचाराने होणाऱ्या मुखपाकात मधाच्या लेपाचा लाभ मलेशियातील ४० रुग्णांच्या अभ्यासात २००३ साली दिसला. पुढील अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अभ्यंगाच्या बाबतीत २००८ सालचा अमेरिकेतील अभ्यास बोधप्रद आहे. प्रगत कर्करोगाच्या ३८० रुग्णांपैकी काहींना मर्दन व काहींना केवळ हलका स्पर्श देण्यात आला. मर्दनाने वेदना व मनःस्थिती तत्काळ सुधारली, पण काही आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही. अर्थात अभ्यंगाने तासाभराचे सुख मिळते. आणि ज्याचे तासच मोजके उरले आहेत त्याच्या दृष्टीने ते थोडके नव्हे. परंतु आपण त्याहून मोठा दावा करू नये.

रसशाळा व औषधालयचालकांसाठी

२००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळला, तेव्हा आपल्याकडे रोष व्यक्त झाला. शोधित भस्म व अशुद्ध धातू यांतील भेद सांगणे योग्यच आहे. पण निव्वळ वनस्पतिज म्हणविणाऱ्या औषधात शिसे निघाल्यास त्याचे समर्थन होऊ शकत नाही. शिसे १०, सोमल ३, पारद १ व कॅडमियम ०.३ प्रति दशलक्ष भाग या मर्यादा वनस्पतिज औषधांस लागू आहेत. प्रत्येक घाणीचा चाचणी अहवाल निर्मात्याकडून मागून घेणे हा दुकानदाराचा अधिकार आहे. वृक्क क्षीण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी.

सांधेदुखीच्या नावरहित पुड्यांत स्टेरॉइड मिसळण्याचा प्रकार आपणा सर्वांस ठाऊक आहे. तात्काळ गुण येणारी अशी पुडी विकणारा आयुर्वेदाचीच विक्री करीत असतो. तसेच कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यानुसार गुन्हा आहे.

औषधांच्या परस्परक्रियेचे भानही ठेवावे. पिप्पली व मरिचातील पायपरीनने फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफायलिन यांची रक्तातील पातळी वाढते. गुग्गुळाने डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांचे शोषण घटते. मॉर्फीन घेणाऱ्यास जटामांसी, तगर यांसारखी निद्राजनक द्रव्ये देताना गुंगी वाढण्याचा संभव धरून चालावे. औषध देण्यापूर्वी ‘सध्या काय चालू आहे?’ हा एक प्रश्न विचारल्यास पुष्कळ अनर्थ टळतात.

चिकित्सालयात काय करता येईल

प्रथम वेदना मोजावी. शून्य ते दहा या श्रेणीत रुग्णाने सांगितलेला अंक प्रत्येक भेटीत रुग्णपत्रिकेवर लिहावा. झोप, भूक, मळमळ, मलप्रवृत्ती व ग्लानी यांचीही नोंद ठेवावी. अशी शंभर रुग्णांची प्रामाणिक नोंद दहा व्याख्यानांहून अधिक मोलाची ठरेल.

मॉर्फीनने होणारा मलावरोध जवळजवळ प्रत्येकास होतो व सवयीने कमी होत नाही. म्हणून मॉर्फीनसोबतच मृदू विरेचनाची योजना हवी. एरंडस्नेह, त्रिफळा, सोनामुखी यांचा उपयोग येथे आहे. पाणी कमी पिणाऱ्या अशा रुग्णास इसबगोल देऊ नये, त्याने मल आतच साचून अडतो. पोट फुगून वांती होत असेल व वातही सरत नसेल तर आंत्रावरोधाची शंका घ्यावी. तेथे विरेचन व बस्ती दोन्ही वर्ज्य. मुखशोषास गंडूष व कवल, शय्याव्रण टाळण्यास दर दोन तासांनी कूस बदलणे, दुर्गंधी व्रणास त्रिफळा वा निंबाच्या क्वाथाने धावन करून त्यासोबत मेट्रोनिडॅझोलच्या चूर्णाचा प्रचलित उपचार घेण्यास संकोच नसणे, या गोष्टी लहान वाटतात. पण दुर्गंधीमुळे ज्याच्या खोलीत नातवंडे येईनाशी झाली आहेत त्याला विचारावे.

अभ्यंग हलक्या हाताने असावा; गाठीवर, अस्थीत कर्करोग पसरलेल्या जागी, अथवा एकच पाय सुजून दुखत असल्यास मुळीच करू नये. आणि एक सूचना आम्ही आग्रहाने करतो. ज्याला कर्करोग आहे वा पूर्वी होऊन गेला आहे, त्याला नव्याने कटिशूल सुरू झाला व पायांत दुर्बलता किंवा मूत्रावरोध जाणवू लागला, तर ते गृध्रसी समजून कटिबस्ती योजू नये. सुषुम्नेवर दाब आल्याचे ते लक्षण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात पाठविल्यास पाय वाचतात. उशीर झाल्यास रुग्ण उरलेले आयुष्य खिळून राहतो.

शेवटी संवाद. अरिष्टे दिसली तरी वैद्याने न विचारता मृत्यू घोषित करू नये, आणि विचारले तरी ज्यायोगे रुग्णास वा आप्तांस आघात होईल तेथे बोलू नये, असे चरकाच्या इंद्रियस्थानात सांगितले आहे. आजचे संशोधन रुग्णास किती जाणून घ्यावयाचे आहे हे आधी विचारण्यास सांगते. दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही; रुग्णाने दार उघडले तेवढेच आत जावे. पण खोटे बोलू नये.

‘आयुर्वेदात काही आहे का?’ या प्रश्नास आपले उत्तर असे असू शकते : ‘हा आजार नाहीसा करण्याचे औषध आमच्यापाशी नाही. दुखणे कमी होईल, झोप लागेल, पोट साफ राहील यासाठी मी झटेन. मॉर्फीन लागेल तेथे ते देणाऱ्या केंद्राकडे मी स्वतः चिठ्ठी देईन. आणि दर आठवड्याला घरी येऊन पाहून जाईन.’ प्रत्येक वैद्याने आपल्या जिल्ह्यातील अशा केंद्राचा पत्ता व गृहभेटीचा एक वार आपल्या मेजावर लिहून ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.